धाकट्याची हाक

आमच्या झुंबरकाकांना कोणी विचारलं, की तुम्ही भाऊ किती, तर ते सांगायचे, "इकडं दोघं, आफ्रिकेत दोघं." विचारणारा बुचकळ्यात पडला की खिशातून मोबाइल काढून दाखवायचे. पडद्यावर दोन सिंह, एकमेकांच्या अंगावर माना टाकून भर दुपारी मेल्यासारखे झोपलेले. "हा थोरला, हा धाकटा. सख्खे भाऊ हायेत. राज्य हाय त्यांचं," काका सांगायचे. सातपूरच्या सिटीबसमधल्या निम्म्या लोकांना हे सिंह ठाऊक झाले होते. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना विचारायचा, "काय काका, आज शिकार झाली का?"

मी दिशा, त्यांची पुतणी. हे सांगायला मला कोणी बोलावलेलं नाही. पण माझा स्वभाव असा आहे, की पोटात ठेवलं तर मला ताप येतो. घरात सगळे म्हणतात, जाऊ दे आता, झालं ते झालं. जाऊ दे कसं? माझा काका गेलाय घरातून. म्हशीचं रेडकू हरवलं असतं तरी यांनी गाव पालथं घातलं असतं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढं, दरीच्या रस्त्याला. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. माझे बाबा गोटीराम शेती बघायचे आणि काका सातपूरला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. आजोबा लवकर गेले, तेव्हापासून हे दोघं एकमेकांना धरून. काकांचं लग्न जमत आलं होतं, बैठक ठरली होती, आणि तेवढ्यात प्रेसखाली डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुलीकडच्यांनी पाठ फिरवली. बाबांनी नंतर खूप खटपट केली, पण काकांनी एकदाच सांगून टाकलं, "बस झालं दादा. तुझं घर ते माझं घर." आणि ते तसंच राहिले. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, रवीला, शाळेत सोडायला काका, तापात उशाशी काका, दहावीच्या निकालाला पेढे वाटायला काका. बाप एक असतो म्हणतात, आम्हाला दोन होते.

आता हाकेचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येतं. रस्त्यावर बसमधून उतरलं की मळ्यापर्यंत पायवाट आहे आणि मध्ये एक ओहोळ. ओहोळाच्या कडेला दाट झाडी, पलीकडं ऊस. बिबट्याचा वावर आमच्याकडं काही नवीन नाही, त्यामुळं संध्याकाळनंतर माणसं आवाज करत चालतात, मोबाइलवर गाणी लावतात. काका काय करायचे, तर ओहोळाच्या अलीकडं थांबायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "दादाऽऽ होऽऽ!" मग बाबा असतील तिथून, वाफ्यातून, विहिरीवरून, तोंडात घास असला तरी ओ द्यायचे, "येऽऽ रेऽऽ!" ती ओ आल्याशिवाय काका ओहोळ ओलांडायचे नाहीत. बाबा बाजारातून यायचे असले तर काका तिथंच दगडावर बसून बिडी ओढायचे, पण पाय उचलायचे नाहीत. एकदा बाबांचा घसा पार बसला होता, तर त्यांनी अंगणात उभं राहून थाळी वाजवली. बिबट्या हे आपलं निमित्त. आई सांगते, ती लग्न होऊन आली तेव्हा बिबट्याचं नावसुद्धा नव्हतं, तरी हे चालू होतं. पहिल्या संध्याकाळी तिला वाटलं, कोणी विहिरीत पडलं की काय.

सिंहांचं वेड काकांना लागलं त्याला झाली चार-पाच वर्षं. दक्षिण आफ्रिकेत कुठंशी जंगलात गाडी फिरवतात आणि जे दिसेल ते थेट मोबाइलवर दाखवतात. तिकडं संध्याकाळ व्हायची तेव्हा आमची जेवणं उरकलेली असायची. ओसरीवर तांब्याला मोबाइल टेकवून काका बसायचे. आधी एकटे, मग बाबा येऊन बसले, मग आई भांडी आवरता आवरता. टोपीवाली एक मुलगी इंग्रजीत सांगायची, ते मी मराठीत करून सांगायचे. माझं लग्न होऊन मी देवळाली कॅम्पला गेल्यावर काका अर्धंमुर्धं स्वतःच समजून घ्यायला लागले.

"नर सिंह मोठा झाला ना, की त्याला घरातून हाकलतात," काका एखादं गुपित फोडल्यासारखं सांगायचे. "मग भाऊ-भाऊ मिळून हिंडतात, उपाशीतापाशी. अंगात बळ आलं की दुसऱ्याचा कळप जिंकायचा. एकट्याचं काम नाय ते, दादा. एकटा कितीबी दांडगा असू दे, दोघांपुढं त्याचं काय चालत नाय."

"आणि शिकार कोण करतं?" आई विचारायची.

"जास्त करून बायामंडळीच. पण आधी खातो सिंह."

"आणि दिवसभर?"

"झोपतात."

"मग त्यासाठी आफ्रिकेत कशाला बघायचं? आमच्या ओसरीवर दोन हायेत की!" आई म्हणायची, आणि बाबा उगीच खोकायचे.

एकदा मात्र आईने तो मोबाइल उचलून पालथाच घातला. थोरल्या-धाकट्याने एक कळप जिंकला आणि पहिल्या सिंहाची पिल्लं मारून टाकली. काका समजावत होते, की वहिनी, ती रीतच हाय त्यांची, नवा नर आला की जुन्याचं बियाणं ठेवत नाय. आई म्हणाली, "जळो ती रीत! मुडद्यांनो, लेकरं होती ती." मग कितीतरी दिवस ती ओसरीवर फिरकली नाही. पुढं त्याच सिंहिणींना या दोघांची पिल्लं झाली, तेव्हा काकांनी मुद्दाम मोठ्या आवाजात बातमी सांगितली. आई आतून म्हणाली, "बरी हायेत का?" झालं, दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सगळ्यात पुढं.

सिंह ओरडतो कशाला, हेही काकांनीच आम्हाला सांगितलं. एक तर ही हद्द माझी, म्हणून. आणि दुसरं, भाऊ कुठं आहे ते कळावं म्हणून. थोरला इकडून ओरडायचा, धाकटा तिकडून उत्तर द्यायचा. चार-पाच मैल ऐकू जातं म्हणे.

"म्हणजे आपल्यासारखंच," बाबा म्हणाले.

"ते आपल्या आधीपासून हायेत दादा. आपण त्यांच्यासारखं." आणि मग काका म्हणाले, "पण ज्याच्याकडं राज्य नाय ना, तो ओरडत नाय. गपगुमान हिंडतो. आवाज केला तर मार खाईल." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं. आता मला तेच सारखं आठवतं.

गेल्या वर्षी मी माहेरी आले होते तेव्हा थोरल्याला रानरेड्याने शिंग मारलं. पोटात. धाकटा त्याच्याजवळ बसून जखम चाटत होता. दुसऱ्या दिवशी गाडी तिथं गेली तर थोरला गेलेला, आणि धाकट्याने त्याच्या अंगावर मान टाकलेली, नेहमी झोपायचा तशीच. आम्ही चौघं ओसरीवर मोबाइलकडं वाकलो. संध्याकाळी धाकटा उठला, थोडा पुढं गेला आणि ओरडला. ओरडून थांबला. कान वळवून ऐकत राहिला. पुन्हा ओरडला, पुन्हा थांबला.  आणि माझे बाबा, आयुष्यात कधी कोणासमोर डोळ्यातून टिपूस न काढलेला माणूस, एकदम म्हणाले, "अरे, कोणीतरी ओ द्या रे त्याला!"

ओ कोण देणार? मग तिघं तरणे नर आले. लांबूनच त्यांचा आवाज यायला लागला, एकामागून एक. धाकट्याने ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. कोरड्या नदीच्या पात्रात उतरला आणि मागं न बघता पलीकडं निघून गेला. पिल्लांचं पुढं काय होणार ते आईला माहीत होतं, ती उठून आत गेली.

बाबा काकांकडं वळून म्हणाले, "झुंबऱ्या, मी गेलो तर तू असा हिंडू नको हां."

"तू कुठं जातोस?" काका हसले. "तुझा रानरेडा अजून जन्माला यायचाय."

नवरात्रात बाबा गेले. झेंडूची तोडणी ऐन भरात होती. दुपारी फुलांच्या वाफ्यात बसले ते उठलेच नाहीत. रवीने दवाखान्यात नेलं, पण नेऊन उपयोग नव्हता. काकांच्या कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या फोनला कोणी उचललं नाही. मग म्हटलं, आता येतीलच. मी देवळालीहून आले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि बाबांना ओसरीवर ठेवलं होतं, रोज बसायचे त्याच जागी.

दिवेलागणीला ओहोळावरून हाक आली. "दादाऽऽ होऽऽ!"

सगळं अंगण गप्प झालं. रडणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. कोणाची जीभ उचलेना. पुन्हा आली, "दादाऽऽ!" आणि मग काका हसत हसत ओरडले, "अरे घसा बसला का? थाळी वाजीव की!"

तेव्हा आईने हंबरडा फोडला. ती ओ ऐकून काका ओहोळातून पळत आले. अंधारात कुठं पडले असतील, गुडघे फुटले होते. काठावरून माणसं दिसली, ओसरी दिसली, आणि ते तिथंच मातीत बसले.

आता दुखवट्याचं ऐका. आमच्याकडं दशक्रिया झाली की सोयरेधायरे टॉवेल-टोपी घेऊन येतात. घरच्या माणसांच्या कपाळाला टिळा लावायचा, डोक्यावर टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. म्हणजे दुखवटा उतरला, आता गोड खायला हरकत नाही, लग्नकार्यात जायला हरकत नाही. पण हे करायचं सोयऱ्यांनीच. घरच्याने घरच्याला टोपी घालायची नसते. गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, दहावा झाला, काका आणि रवी दोघंही मुंडण केलेले, शेजारी शेजारी बसलेले. रवीच्या सासरच्यांनी, म्हणजे आमच्या संजनाच्या माहेरच्यांनी, रवीला टोपी घातली. मामाने आईला साडी आणली आणि रवीला टोपी. माझे सासरे आले, त्यांनीही रवीला. एकावर एक टोप्या झाल्या रवीच्या डोक्यावर. आणि शेजारी काका उघड्या डोक्याने उन्हात बसलेले. त्यांना सासरवाडीच नाही, तर टोपी आणणार कोण? आजीच्या माहेरचं कोणी उरलेलं नाही. मामाला वाटलं, जावयाकडचे आणतील. माझ्या सासऱ्यांना वाटलं, मामा आणेल. संजनाच्या माहेरच्यांना वाटलं, कोणीतरी आणेलच. गर्दी, रडारड, पाहुण्यांची पंगत, यात कोणाच्या ध्यानात आलं नाही. काका पंगतीत वाढायला उठले. गोडाचं ताट मात्र त्यांनी घेतलं नाही, पण तेव्हा ते कोण बघतंय!

पुढचे काही दिवस काका रोज कामावरून येताना हाक मारायचे. सवय ती. ओहोळावर थांबायचे, "दादाऽऽ होऽऽ!" आणि मग आपले आपणच खाली मान घालून यायचे. एक दिवस रवी म्हणाला, "काका, नका ना हो. लोक हसतात. बाबा नाहीत आता." रवी वाईट नाही. त्याला ती हाक ऐकवायची नाही, ती आली की तो गोठ्यात जाऊन उभा राहायचा, हे मी पाहिलंय. पण बोलायचं ते सरळ बोलावं ना माणसाने! काका म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवसापासून ते गपचूप यायला लागले. कधी आले, कधी जेवले, पत्ता लागायचा नाही.

दिवाळीला फुलं ठेवायला जागा पुरेना, म्हणून रवीने काकांच्या खोलीत क्रेट रचले. दोन दिवसांसाठी. दिवाळी झाली तरी क्रेट तिथंच. काका ओसरीवर झोपायला लागले, आणि एक दिवस अंथरुणाची वळकटी बांधून म्हणाले, सातपूरला खोली घेतलीय, पाळी बदललीय, सोयीचं पडतं.

आईने विचारलं, "भावजी, ताटात काय कमी पडलं का?"

"नाय वहिनी. काय तरी काय!" म्हणाले आणि गेले.

हे मला फोनवर कळलं तेव्हा मी रवीला असं फैलावर घेतलं, की त्याने फोनच ठेवून दिला. पण काकांपुढं माझीही मात्रा चालेना. या की घरी, म्हटलं की म्हणायचे, "बघू." माझ्या काकाचं 'बघू' म्हणजे नाही, हे मी लहानपणापासून ओळखून आहे.

माझा नवरा प्रफुल्ल नोकरीत कायम झाला तेव्हा पेढे घेऊन मी सातपूरला गेले. एका वर्कशॉपच्या वर पत्र्याची खोली. खाली ग्राइंडर चालू असला की भिंती थरथरायच्या. काका तांब्याला मोबाइल टेकवून बसले होते.

"सापडला का धाकटा?" मी विचारलं.

"नाय. ती पोरगी म्हणत होती, नदीपलीकडं कोणाला तरी एक एकटा नर दिसला. लंगडत होता म्हणे." काकांनी स्क्रीनवरची धूळ बाहीने पुसली. "असेल नायतर नसेल."

मी पेढा पुढं केला. काकांनी घेतला, कपाळाला लावला आणि कागदावर ठेवून दिला.

"खा ना!"

"दुखवट्यात गोड चालतं का येडे?"

"अहो काका, चार महिने झाले! दुखवटा कसला आता?"

"तुमचा उतरला. माझा कोणी उतरवलाय?" हे ते रागाने बोलले नाहीत. पावसात छत्री विसरली असं सांगावं तसं सांगितलं. मी त्या दहाव्याच्या दिवसाचा विचार केला, रवीचं टोप्यांनी भरलेलं डोकं आठवलं, त्यांचं उघडं डोकं आठवलं. चार महिने हा माणूस गोड खात नव्हता, कपाळाला गंध लावत नव्हता, कंपनीतल्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला मांडवाबाहेरून अक्षता टाकून आला होता. आणि आम्ही म्हणत होतो, काका हल्ली घुमे झालेत.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला टोपी घाला म्हणून? सोयरे असते तर आणली असती. नायत, तर नाय." आणि मग मोबाइलकडं बघत म्हणाले, "दादा होता तोवर घर माझं होतं. एकट्याचं राज्य नसतं गं. रवी-संजनाचं घर हाय ते. त्यांचं काय चुकलं नाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सोयरे नाहीत कसे? मी लग्न होऊन दुसऱ्या घरात गेले की नाही? मग मी कोण? माझा नवरा कोण? पुढच्याच सुट्टीला मी प्रफुल्लला घेऊन गेले. नवी टोपी, नवा टॉवेल, नारळ. प्रफुल्ल बिचारा घाबरलेला, कधी कोणाचा दुखवटा उतरवलेला नाही. काकांना पाटावर बसवलं, त्याने टिळा लावला, टोपी घातली.

"बघ गं," काका म्हणाले, "जावयाने मला टोपी घातली." असं म्हणून हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. किती मोठ्याने रडले सांगू! खालचा ग्राइंडर बंद करून माणसं जिन्यात आली. "दादा गेला रे माझा," एवढंच म्हणत होते, चार महिन्यांनी, बाबा आत्ताच गेल्यासारखं. मग तोंड धुतलं आणि दोन पेढे खाल्ले.

"शनिवारी येतो घरी," ते स्वतःहून म्हणाले. "कायमचा येतो."

"आम्ही गाडीवर न्यायला येऊ."

"नको. माझ्या वाटेनं येईन. दिवेलागणीच्या बसनं. ओहोळावरून आवाज देईन, तेवढी ओ द्यायला सांग." मग जरा ओशाळून म्हणाले, "सवय हाय ना. ओ आल्याशिवाय पाय उचलत नाय."

मी तिथूनच घरी फोन लावला. आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मी म्हटलं, "काका शनिवारी येतायत. ओहोळावरून आवाज देतील. कोणीतरी ओ द्या हं, विसरू नका!" तिघंही एकदम म्हणाले, "देऊ की!" रवीच्या आवाजात तर आनंद मावत नव्हता. त्याने त्याच दिवशी क्रेट बाहेर काढले, खोलीला चुना दिला, बाबांची खाट काकांसाठी नव्याने विणून आणली. आईने शनिवारी उडदाचं घुटं केलं, काकांना आवडतं तसं, लसूण जास्त घालून.

मी आणि प्रफुल्ल जेवायच्या वेळेला पोचणार होतो. द्वारकेच्या चौकात गाड्यांची ही गर्दी, उशीर झाला. मखमलाबाद सोडल्यावर समोरून शहराकडं जाणारी सिटीबस गेली, आत दिवे लागलेले, जवळजवळ रिकामी. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काकांना काय काय सांगायचं ते मी मनात घोळवत होते.

घरी गेले तर ओसरीवर चहाचे कप बशांनी झाकून ठेवलेले, आणि तिघं दाराकडं बघत बसलेले.

"काका कुठंयत?"

"येतील आता," आई म्हणाली. "मघाशीच आवाज आला की त्यांचा."

"मघाशी म्हणजे?"

"मी लगेच चहा टाकला ना ताई," संजना म्हणाली. "दोनदा हाक मारली त्यांनी. गार झाला चहा, परत गरम केला."

"ओ कोणी दिली?"

रवीने आईकडं बघितलं. आईने रवीकडं. संजनाने दोघांकडं.

"मला वाटलं, आई देईल," रवी म्हणाला. "ती अंगणातच होती. आणि मीच त्यांना हाका मारू नका म्हटलं होतं, मग मी कोणत्या तोंडाने..."

"ती पुरुषाने द्यायची ओ हाय," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होत चालला होता. "तुझे बाबा द्यायचे. मला वाटलं, आता रवीचा मान. मी गप बसले, म्हटलं, देऊ दे त्याला."

"आणि थाळी? ताटं मांडलीत ना समोर? एक ताट वाजवता आलं नाही तिघांना?" मी ओरडले. आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते.

रवी म्हणाला, "तूच म्हणालीस ना ताई, कोणीतरी ओ द्या."

 मी तशीच ओहोळाकडं पळाले, मागून प्रफुल्ल बॅटरी घेऊन. "येऽऽ! काकाऽऽ, येऽऽ हो!" घसा फाटेस्तोवर ओरडले. उसात काही हललं नाही. अलीकडच्या दगडाशी बिडीची दोन थोटकं पडलेली होती, ताजी. म्हणजे बसले होते. हाक मारून, एक बिडी संपवून, पुन्हा हाक मारून, दुसरी संपेपर्यंत बसले होते. आणि मग ती परतीची बस आली असणार.

फोन त्यांनी उचलला. न उचलण्याइतका राग त्यांना येतच नाही, हेच तर वाईट आहे. मागं बसची घरघर ऐकू येत होती.

"काका, अहो परत का गेलात?"

"आलो होतो की गं," ते म्हणाले. "आवाज दिला होता."

मी सगळं सांगितलं, कोणाला काय वाटलं ते. रवीने माझ्या हातातून फोन घेऊन रडत रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तिघंही सातपूरला जाऊन आले. काकांनी त्यांना चहा पाजला, रवीच्या पाठीवरून हात फिरवला, कोणाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. आणि घरी या म्हटल्यावर म्हणाले, "बघू."

आता पुन्हा उन्हाळा आलाय. काका तिथंच आहेत, त्या पत्र्याच्या खोलीत. धाकटा परत कोणाला दिसला नाही, पण ते रोज बघतात. मी जाते, पेढा नेला तर खातात. मी एकदा विचारलं, "काका, इथं संध्याकाळी हाक मारावीशी वाटते का हो?" तर म्हणाले, "इथं कोणाला मारायची?"

आणि आमची आई. दिवस मावळला की ती हातातलं काम टाकून बांधावर जाते, ओहोळाकडं तोंड करते आणि ओरडते, "येऽऽ होऽऽ भावजी, येऽऽ!" लोक बघतात. बघू देत. रवीही आता तिच्या शेजारी उभा राहून ओ देतो. रोज. हाक नसताना.

परवा मी हे काकांना फोनवर सांगितलं. म्हटलं, सिंहाचा आवाज चार-पाच मैल जातो ना काका, मग मळ्यापासून सातपूर किती लांब आहे?  

काका म्हणाले, "वहिनीला सांग, घसा दुखवू नका म्हणावं. इथवर ऐकू येत नाय."